फुकटचा पण

आमच्या ताईंना लोक पणबाई म्हणतात. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद. नणंद म्हटलं की जे जे डोळ्यांसमोर येतं ते बहुतेक सगळं त्यांच्यात आहे. फक्त त्या माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत, माझ्या वाक्यांना ठेवतात.

लग्न होऊन या घरात आले तेव्हाची गोष्ट. सगळे जेवायला बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे कुणी जाऊ नका बाई. शेजारणीला त्याच्या औषधाचा काडीचा गुण आला नाही."

ताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि गुण आला अशी किती माणसं आहेत, आई?"

"ते मला काय ठाऊक?"

"मग कशावरून बोलतेस?"

"शितावरून भाताची परीक्षा."

"शीत कुठून उचललंस? वरून की तळातून? तळचं करपलेलं असलं तर?"

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही अशी आहे. म्हणून आम्ही हिला काही सांगतच नाही." आणि हात धुवायला उठेपर्यंत ताईंनाच सांगत राहिल्या.

ताईंनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "पुरावा अपुरा वाटला" एवढंच सांगतात. वरच्या मजल्यावर त्यांची खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर निबंधांचे गठ्ठे आणि त्यांवर वजन म्हणून ठेवलेली जुनी इस्त्री. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. मीही तोच विषय शिकवते, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कॉलेजात. एका घरात एकाच विषयाच्या नणंद-भावजया म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने फार लवकर मूग गिळायला शिकून घेतलं.

आमच्या विषयात मुलांना एक काम हमखास असतं. कुणीतरी केलेला प्रयोग किंवा पाहणी निबंधात सांगायची आणि मग तिची पारख करायची: यावर विश्वास ठेवावा का, किती, आणि का. पहिला भाग मुलं पाठ करतात. दुसराही पाठच करतात आणि तिथेच सगळं नासतं. "नमुना लहान होता. प्रयोगशाळेत केलं म्हणून खऱ्या आयुष्याला लागू नाही. एकाच देशातले लोक होते." ही तीन वाक्यं कुठल्याही अभ्यासाच्या शेपटीला बांधता येतात. बांधली की मुलांना आपण मोठे टीकाकार झालो असं वाटतं.

यावर ताईंच्या वर्गात एक रीत आहे. मुलाने उभं राहून अभ्यास सांगायचा, कुणी केला, कसा केला, काय निघालं. त्याचं सांगून संपलं की सगळ्या वर्गाने एका सुरात विचारायचं, "पण?" मग त्याने जो 'पण' काढायचा तो त्याच अभ्यासाचा हवा. "नमुना लहान होता" म्हणालात की ताई विचारणार, "चाळीस माणसं होती. किती हवी होती? का?" उत्तर आलं नाही की म्हणणार, "फुकटचा पण. उचलली जीभ लावली टाळ्याला." अभ्यास न वाचताही जो लिहिता येतो तो फुकटचा पण, अशी त्यांची साधी व्याख्या. निबंधात असला पण दिसला की त्या समासात बारीक अक्षरात 'फु' लिहितात. त्यांच्या मुलांना गुणांपेक्षा 'फु' किती आले याची धास्ती जास्त. पणबाई हे नाव त्यातूनच पडलं आणि ताईंना ते मनापासून आवडतं, हे मी पैजेवर सांगते.

आत्मविश्वास त्यांच्यात मूळचाच. नाकावर माशी बसू देत नाहीत. मला विचाराल तर त्यातला नव्वद टक्के कमावलेला आहे, उरलेल्याबद्दल मी हात झटकते. त्या उरलेल्यातलं एक उदाहरण माझ्या कानावर आलं. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. ताई घरी तिला बडबडी म्हणायच्या. शेवटच्या बाकावर बसून अखंड बोलायची, आणि निबंधात फुच फु. एकदा जेवताना ताई म्हणाल्या, "आज बडबडीला सांगून टाकलं. हा विषय तुला जमायचा नाही, दुसरा घे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?" मी म्हटलं, "असं तोंडावर?" तर म्हणाल्या, "खरं ते सांगितलं. वर्षभर बघतेय मी तिला." विषय तिथेच संपला. बडबडी पुढे कुठे गेली ते आम्हाला कळलं नाही, आणि वर्षं गेली तशी आम्ही तिला विसरूनही गेलो.

आता खरी गोष्ट सांगते. दर वर्षी मोठी परीक्षा झाली की आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या कॉलेजांच्या उत्तरपत्रिका एकाच इमारतीत तपासायला आणतात. लांब खोली, लांब टेबलं, पंखे असे की कागदांवर हात ठेवूनच बसावं. मुलांचे नंबर चिकटपट्टीखाली झाकलेले. आम्ही आठ परीक्षक आणि मुख्य परीक्षक ताई. प्रश्न काढणं त्यांच्याकडे, गुण कसे द्यायचे ते ठरवणंही त्यांच्याकडे, आणि प्रत्येकाच्या गठ्ठ्यातल्या काही पत्रिका काढून पुन्हा वाचणंही त्यांच्याकडेच. माझ्या शेजारी बसायचे ते दोरीवाले सर. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात असायचा म्हणून ते नाव. माणूस सरळ, कडक, नियमाला एक इंच सोडणार नाही. ताईंच्या आणि त्यांच्या वादांवर आमचा दुपारचा चहा चालायचा.

त्या वर्षी ताईंनी प्रश्नपत्रिकेत स्वतः रचलेला एक अभ्यास छापला होता. एका दवाखान्यात फार गर्दी. संशोधक रोज सकाळी नाणं उडवतो. छापा पडला तर त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला खिडकीवर सांगायचं, तुमचा नंबर साधारण इतक्या वेळाने लागेल. काटा पडला तर काहीच सांगायचं नाही. डॉक्टरांकडून बाहेर पडताना प्रत्येकाला विचारायचं, किती वेळ बसलात असं वाटतं? विचारणाऱ्याला त्या दिवशी छापा होता की काटा, हे ठाऊक नाही. दोनशे जणांनी नाव नोंदवलं, एकशे साठ जणांना विचारलं. ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांना वेळ कमी गेल्यासारखा वाटला. निष्कर्ष: या दवाखान्यात वेळ आधी सांगितला तर वाट बघणं सुसह्य होतं. खाली प्रश्न, या अभ्यासावर कितपत विश्वास ठेवाल? सकारण लिहा. सहा गुण.

सहा गुण कसे द्यायचे? तर दोन उणिवा, प्रत्येकी तीन. परीक्षा मंडळाची अट होती की आठ परीक्षकांचे आठ सूर लागता कामा नयेत, मोजता येईल असं काहीतरी द्या. ताईंनी मोजता येईल असं दिलं. अपेक्षित उणिवा म्हणून त्यांनी लिहिलं होतं, दवाखाना एकच होता, आणि रुग्णांची परवानगी घेतली नव्हती.

काम निम्म्यावर आलं असताना ताईंनी दोरीवाल्या सरांच्या गठ्ठ्यातून एक पत्रिका काढली. उभ्याउभ्या वाचायला लागल्या, मग माझ्या टेबलाच्या कडेला टेकल्या, मग वाचलेलं पुन्हा वाचलं. ताई कधी दोनदा वाचत नाहीत. मी मान वाकडी करून बघितलं. पोराने बाकीचे प्रश्न अर्धे सोडले होते, आणि या एका उत्तरावर दोन पानं भरली होती. घड्याळ न बघणारं पोर. एकूण गुण पास व्हायला चार कमी. या उत्तराला सरांचं लाल शून्य.

उत्तर असं होतं. "माझा या अभ्यासावर विश्वास आहे. दिवस नाण्याने ठरवले, म्हणून गर्दीचे दिवस एकाच बाजूला गेले नसतील. विचारणाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सोयीचं उत्तर काढून घेतलं नसेल. मी 'पण' शोधले. दवाखाना एकच होता, हा फुकटचा पण आहे, कारण निष्कर्षही याच दवाखान्याबद्दल आहे, त्याने जगाबद्दल काही म्हटलेलं नाही. परवानगी घ्यायला हवी होती, ती न घेणं चूक आहे. पण ते वागण्यातलं चुकणं झालं, निष्कर्षातलं नाही, आणि तुम्ही विश्वासाबद्दल विचारलं आहे. उगाच दोन उणिवा लिहिण्यापेक्षा मला एकही सापडली नाही हे लिहितो."

आदर्श उत्तरातल्या दोन्ही उणिवा पोराने उचलून बाजूला ठेवल्या होत्या. आदर्श उत्तर ताईंचं होतं.

"सर, याला शून्य का?" ताईंनी विचारलं.

"उणिवा किती आहेत? शून्य. म्हणून शून्य," सर म्हणाले. "गुणांचा तक्ता तुमचाच आहे, बाई."

"तक्ता चुकलाय."

तक्ता चुकला म्हणजे तपासून झालेल्या पत्रिकांत हे उत्तर पुन्हा बघणं आलं, आणि तपासून झालेले गठ्ठे भिंतीशी छातीइतके रचलेले होते. कुणीतरी उसासा टाकला. तो मीच टाकला होता.

"प्रश्न विचारला, कितपत विश्वास ठेवाल," ताई म्हणाल्या. "आणि आपण गुण देतोय फक्त अविश्वासाला. ठेवतो म्हणणाऱ्याने काय घोडं मारलंय?"

सरांनी चष्मा काढून छातीवर सोडला. "एक बोलू का, बाई? राग मानू नका. 'फुकटचा पण' हे शब्द या गावात आणखी कोण वापरतं? हे तुमच्या वर्गातलं पोर आहे. माझ्या वर्गातलं असतं तर तुम्ही तक्ता बदलला असता?"

सर हळू बोलले होते, तरी सगळ्यांनी ऐकलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच म्हणायचं त्यांनी बाकी ठेवलं होतं. गुण वाढवले तर वशिला, न वाढवले तर अन्याय. आणि मधे एक पोर, ज्याचं वर्ष त्या शून्यावर अडकलेलं.

ताईंचा चेहरा मात्र वर्गात कुणी चांगली शंका काढली की होतो तसा झाला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मलाही माझाच विद्यार्थी वाटतो. वाटतो कसला, ओळख पटलीच आहे. म्हणजे या पत्रिकेवर बोलायला मी नालायक. आता असं करा. हे एकच उदाहरण घेऊन भांडण्यात अर्थ नाही. सगळ्या गठ्ठ्यांतून 'विश्वास ठेवतो' म्हणणारी उत्तरं काढा. दुसऱ्या कॉलेजांतलीही असणारच. माझ्या भावजयीने ती सगळी एका अक्षरात उतरवायची, आणि 'फुकटचा' हा शब्द येईल तिथे 'निरर्थक' लिहायचं. मग तुम्ही सगळे ठरवा, नुसतं 'छान अभ्यास आहे' म्हणणारं कोण आणि कारण देणारं कोण, आणि किती गुण. मी बाहेर बसते."

"आणि आम्ही शून्यच ठेवलं तर?" सरांनी विचारलं.

"तर शून्य. सही करीन."

आणि खरंच बाहेर जाऊन बसल्या. व्हरांड्यात शिपायाच्या स्टुलावर, पदर खोचून, चहाचा पेला हातात घेऊन. मी तिथून जाताना म्हटलं, "ताई, पोर नापास झालं तर?" म्हणाल्या, "मुद्दा भक्कम असला तर माझ्यावाचून टिकेल. तू अक्षर नीट काढ, तुझं वाचता येत नाही." असा माणूस.

अशी उत्तरं डझनभर निघाली. निम्मी नुसती मस्का लावणारी होती, "हा अभ्यास समाजाला उपयुक्त आहे" वगैरे. बाकीच्यांत कारणं होती, कमी-जास्त. मी उतरवून दिली. माझा उजवा अंगठा संध्याकाळपर्यंत बधिर होता, त्याची नोंद कुणी घेतली नाही म्हणून इथे घेते.

आत जे भांडण झालं ते ताईंनी ऐकायला हवं होतं. कारणं देणाऱ्याला गुण द्यायचे, यावर हळूहळू सगळे आले. दोरीवाले सर आले नव्हते. ते आमच्या त्या पोराचं उत्तर आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून, चष्मा लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "उत्तर उत्तम आहे. मी शून्य दिलं ते तक्त्याप्रमाणे होतं, तक्ताच नको होता, मान्य. पण उणीव एकही नाही, हे खोटं आहे. आहे. या पोराला दिसली नाही, आपल्याला कुणाला दिसली नाही, आणि प्रश्न काढणारीलाही दिसली नाही."

"कुठली?"

"दोनशे आले, एकशे साठांना विचारलं. चाळीस कुठे गेले?"

बाकीच्यांनी प्रश्नपत्रिका पुढे ओढल्या.

"ज्याला सांगितलं की तुला दोन तास लागतील, त्यातला घाईचा माणूस उठून घरी गेला. उरले ते सवडीचे. त्यांना वेळ कमीच वाटणार. ज्यांना काही सांगितलं नाही, ते आत्ता नंबर लागेल, मग लागेल करत बसून राहिले, घाईचेसुद्धा. दोन्हीकडची माणसंच सारखी उरली नाहीत." सरांनी चष्मा पुन्हा छातीवर सोडला. "सहापैकी पाच. एक गुण चाळीस माणसांचा."

पाच म्हणजे पोर पास, वर एक गुण शिल्लक. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि मी बाहेर धावले. ताईंनी ऐकून घेतलं. पाच गुणांवर नुसती मान हलवली. मग चाळीस माणसांचं सांगितलं, तर पेला स्टुलावर आपटून आत गेल्या आणि सरांसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता जुंपली.

"सर, हा 'पण' विकतचा आहे," ताई म्हणाल्या. "मी आकडे सहज टाकले होते. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

सर लाजले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच लाजताना पाहिलं. मग भिंतीशी रचलेले गठ्ठे पुन्हा खाली आले, आणि नव्या तक्त्याने ते उत्तर आम्ही सगळ्यांचं तपासलं. घरी यायला रोज उशीर झाला. सासूबाई मला म्हणाल्या, "तिच्या नादी लागून तूही वाया गेलीस."

निकाल लागला. त्यानंतरच्या एका सकाळी ताईंचा फोन वाजला. त्या ओट्यापाशी भांडी पुसत होत्या, हात ओले. मला म्हणाल्या, "मोठ्याने लाव गं." मी फोन खिडकीत ठेवला.

"बाई, ओळखलंत का?" आणि ओळखायला वेळ न देता पलीकडचा आवाज धो धो सुरू झाला. ती आता दुसऱ्या गावात शिकवते. हाच विषय. तिच्या वर्गात एक मुलगा आहे, हुशार, पण कुठलंही काम वेळेत न संपवणारा. तो परीक्षेहून येऊन म्हणाला, मी दवाखान्याच्या प्रश्नाला एकही उणीव लिहिली नाही, सगळे फुकटचे पण निघाले. "मी कपाळावर हात मारला, बाई. म्हटलं, आता गेला हा. उणिवा मोजूनच गुण देतात, मला माहीत आहे. आणि काल निकाल बघते तर पास. मला आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. फुकटचा पण तुमचाच ना. मी वर्गात रोज वापरते."

ताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ओळख पटली म्हणत होत्या! दोन शब्दांवरून सगळं पोरगं आपल्या वर्गात ओढलं होतं बाईंनी. टोमणा माझ्या जिभेवर आला होता, पण तेवढ्यात त्या धो धो बोलण्यावरून मला दुसरीच ओळख पटली, आणि ताईंनाही पटलेली मला दिसली.

"तू शेवटच्या बाकावर बसायचीस," ताई म्हणाल्या.

"तीच मी. तुम्ही म्हणाला होतात, हा विषय जमायचा नाही. मी घरी जाऊन रडले. मग रडता रडता म्हटलं, बाईंनी हे कशावरून ठरवलं? मी परीक्षेत घाबरते तेवढंच त्यांनी बघितलं, मैत्रिणींना समजावून सांगते ते कुठे बघितलं? मी शेवटच्या बाकावर तेच बोलत असायचे हो, बाई. बाकीच्यांना तुमचं शिकवणं पुन्हा सांगत." ती हसली. "म्हणून मग राहिले या विषयात."

मी नळ बंद केला. ताईंनी ताट पुसून जागेवर ठेवलं, हात कोरडे केले, फोन खिडकीतून उचलून हातात घेतला. वर्षभर बघितलं होतं त्यांनी तिला. पहिल्या आठवड्यात तिला बडबडी हे नाव देऊन, मग वर्षभर.

"माझा निष्कर्ष चुकला," ताई म्हणाल्या.

"पण?" पलीकडून सवयीने विचारलं गेलं.

"पण काही नाही," ताई म्हणाल्या. "चुकला."

मग ताईंनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या मुलाचा एक गुण गेलाय. का गेला ते मी सांगते, पण आधी तू सांग. तुझ्या वर्गात काय काय करतेस?" ती सांगत राहिली, ताई ऐकत राहिल्या, आणि उरलेली भांडी मी पुसली.